कागद जाईल, हरताळ राहील काय?

पोथी उतरवून घेताना लेखकाचा हात चुकला, तर ते अक्षर तो सहसा खरवडत नसे. खरवडल्याने कागदाची कांती जाते आणि वर लिहिलेली शाई फुटते. त्या जागी तो हरताळाचा पिवळा लेप देई आणि लेप वाळल्यावर त्यावर नवे अक्षर लिही. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार मराठीला मिळाला तो या व्यवसायातून. आज आपण तो 'विफल करणे', 'धुडकावून लावणे' या अर्थाने वापरतो. मात्र मूळ क्रियेचा एक विशेष या लाक्षणिक अर्थात हरवून गेला आहे. हरताळ अक्षर पुसतो, पण पुसल्याचे लपवीत नाही. हस्तलिखिते हाताळणाऱ्यास ओळीच्या मध्येच पिवळा पट्टा दिसला, की तो तेथे थबकतो. येथे आधी काही निराळे होते, कोणीतरी ते बदलले आहे, हे त्याला तो पट्टा सांगतो. आमच्या विषयातील पाठचिकित्सा नावाची सगळी शिस्त अशा थबकण्यातून उभी राहिली आहे.

हे सारे आज आठवण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत 'पेपरलेस' हा शब्द बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयांतून, तहसील कचेऱ्यांतून आणि गावोगावच्या सेवा केंद्रांतून एखाद्या व्रताप्रमाणे उच्चारला जात आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, निकाल, जात प्रमाणपत्राची पडताळणी, पीक पाहणी, सातबारा, सगळे पडद्यावर. आम्ही या जिल्ह्यात मराठी शिकवणारे प्राध्यापक. कागद हे आमचे उपजीविकेचे साधन, आणि म्हणून या बदलाविषयी आम्ही बोललो की लोक ते जुन्याच्या मायेपोटी बोलत आहेत असे समजतात. आमचा मुद्दा तो नाही. कागदाचा वास, पानांची सळसळ, शाईचे डाग यांवर ललित लेख पुष्कळ झाले आहेत. आम्हाला विचारायचे आहे ते एवढेच: नोंद कागदावरून पडद्यावर गेली, की तिच्यात झालेला बदल वाचणाऱ्याला दिसतो काय? आणि ती नोंद चुकीची आहे असे म्हणण्याची जागा त्या पडद्यावर कोठे आहे?

प्रथम या नव्या व्यवस्थेच्या पदरात तिचे माप नीट टाकले पाहिजे. कागद अमर नसतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तीत माणसे दगावली आणि असंख्य फायली जळाल्या. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा काही तासांत जे विस्कटले ते सावरायला पुढे वर्षे लागली. वाळवी, उंदीर आणि गळके छप्पर या तीन शत्रूंनी तर कोणत्याही हल्लेखोराहून अधिक दप्तरे खाल्ली आहेत. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील एखाद्या खेड्यातील विद्यार्थिनीला विद्यापीठातील एका शिक्क्यासाठी अमरावतीला दिवस मोडून जावे लागत असे. ते आता पुष्कळ अंशी टळले आहे. शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध खुले झाल्यापासून कोणता विषय कोणी किती वेळा दळून काढला आहे, हे घरबसल्या कळू लागले. आमच्या क्षेत्राच्या प्रकृतीसाठी हे औषध आवश्यकच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. उत्तरपत्रिका संगणकात असेल तर हा अधिकार अमलात आणणे सोपे होते. हे सारे लाभ खरे आहेत आणि ते नाकारणे हा केवळ हट्ट ठरेल.

तसेच, या व्यवस्थेची जी चेष्टा आम्ही प्राध्यापक मंडळी चहाच्या वेळी करतो, तीही आजचा मुद्दा नव्हे. चेष्टेला जागा भरपूर आहे. माहिती संगणकात भरायची, तिची छापील प्रत काढायची, तीवर सही-शिक्का घ्यायचा, ती प्रत पुन्हा स्कॅन करून चढवायची आणि 'असू द्यावी' म्हणून एक प्रत फायलीला लावायची, असा हा कागदविरहित कारभार आहे. २०१७ साली नॅकच्या मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि महाविद्यालयाचे बहुतेक मूल्यमापन चढवलेल्या पुराव्यांवर आले. तेव्हापासून कवितेवरचे व्याख्यान झाले की नाही हे श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून ठरत नाही, अक्षांश-रेखांशासह काढलेल्या छायाचित्रावरून ठरते. पूर्वी कागदी घोडे नाचत, आता पीडीएफचे नाचतात. घोडे बदलले म्हणून स्वारी बदलली असे होत नाही. पण हा विनोद येथेच सोडू. कष्ट दुप्पट झाले ही तक्रार काळाच्या ओघात मिटेल. नोंदीचा स्वभाव बदलला, ही गोष्ट मात्र आपोआप मिटणार नाही.

नोंदीचा स्वभाव म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी सातबाऱ्याकडे वळू. साहित्याच्या प्राध्यापकांनी सातबाऱ्यावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण पाठ म्हणून पाहिले तर महाराष्ट्रात सर्वाधिक वाचला जाणारा आणि सर्वाधिक भांडला गेलेला मराठी मजकूर तोच आहे. आमच्या जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. मोबदला कोणाच्या नावे निघणार, हे त्या मजकुरातील एका ओळीवर अवलंबून होते. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. त्यांत होणारा प्रत्येक बदल आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग नोंद प्रमाणित होते. आणि कोणी हरकत घेतली तर तिच्यासाठी गाव नमुना सहा-अ ही विवादग्रस्त प्रकरणांची स्वतंत्र नोंदवही आहे. असहमतीसाठी वेगळी वही राखून ठेवणारी ही व्यवस्था आम्हाला फार शहाणी वाटते. नोंद म्हणजे सत्य नव्हे. नोंद म्हणजे आजवर आक्षेप न टिकलेले विधान, हे तीत गृहीत धरलेले आहे.

हस्तलिखित सातबाऱ्यावर जुने नाव कमी करायचे झाले, तर ते खरडून टाकत नसत. त्याला कंस करीत, खाली नवे नाव लिहीत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक घालीत. ज्याला सातबारा वाचता येतो त्याला त्या कंसांमधून तीन पिढ्यांचा इतिहास वाचता येतो. कोण वारले, कोणा बहिणीने हक्क सोडला, कोणत्या सोसायटीचा बोजा चढला आणि कधी उतरला, सारे त्या कंसांत असते. हा कंस म्हणजे महसूल खात्याचा हरताळ होय. आणि येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सातबारा संगणकात गेला तेव्हा हा हरताळ त्याच्याबरोबर गेला. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारण्यात आला, तेव्हा कमी केलेल्या नोंदी नाहीशा केल्या नाहीत. कंसाऐवजी त्यांवर आडवी रेघ मारून त्या दाखवण्याचे ठरले. म्हणजे पडदा आला म्हणून हरताळ जायलाच हवा, असे काही नाही. ज्यांनी हा नमुना केला त्यांना जमिनीची भांडणे ठाऊक होती, म्हणून त्यांनी खोडलेले दिसेल अशी सोय केली.

आणखी एक गोष्ट महसूल खात्याने केली, तिचे महत्त्व आमच्या मते पुरेसे ओळखले गेले नाही. हस्तलिखित सातबारे संगणकात चढवताना चुका होणे अटळ होते. क्षेत्राचे आकडे, हिस्से, नावे यांत त्या झाल्याही. तेव्हा २०१७ साली चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातून निघालेले उतारे गावात लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याची नोंद चुकली असेल त्याने तेथेच सांगायचे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कान असतात, ही जाण या एका उपायात आहे. कीर्तन आणि पोथीवाचन यांवर वाढलेल्या समाजात एखाद्या मजकुराची शहानिशा करण्याचा हा सर्वांत जुना मार्ग आहे. संगणकीकरणाच्या सर्वांत मोठ्या खटाटोपाला शेवटी चावडीवर यावे लागले, यात कमीपणा नाही.

त्याच २०१७ साली उलट दिशेची दोन उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली. मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशी तयारी न करता घेतला. निकाल महिनोन्महिने लांबले, पुढच्या प्रवेशांचा विचका झाला आणि ऑक्टोबर महिन्यात कुलगुरूंना पद सोडावे लागले. शेतकरी कर्जमाफीचे अर्जही त्या वर्षी ऑनलाइन भरून घेतले गेले. पात्र शेतकऱ्यांच्या याद्यांत त्रुटी निघाल्या आणि दिवाळीला जाहीर झालेला लाभ अनेकांच्या खात्यांत पुष्कळ उशिरा पोहोचला. या दोन्ही ठिकाणी यंत्र वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. तेथे चावडी नव्हती. चूक झाली आहे हे ज्याला प्रथम कळले, त्या परीक्षार्थ्याला किंवा शेतकऱ्याला ते सांगण्याची ठरलेली जागा नव्हती.

आमच्या रोजच्या कामात हीच उणीव आम्ही पाहतो. विद्यार्थ्याच्या आईवडिलांनी शाळेत नाव घातले तेव्हा दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी 'वानखडे' असे लिहिले. पुढे कोठल्यातरी अर्जात ते रोमन लिपीतून भरले गेले आणि परत देवनागरीत आले ते 'वानखेडे' होऊन. वऱ्हाडात हा एका मात्रेचा प्रश्न नाही. ही दोन वेगळी आडनावे आहेत आणि त्यांच्यामागे वेगळ्या जाती, वेगळी गावे असू शकतात. 'काळे' आणि 'काले' रोमन लिपीत एकच होतात, कारण तिच्यात 'ळ' नाही. आमच्या जिल्ह्याचे नाव 'बुलडाणा' आणि 'बुलढाणा' अशा दोन्ही रूपांत कागदोपत्री आढळते. माणूस ही दोन्ही रूपे एकच समजून पुढे जातो. साधी शोधयंत्रणा एक रूप विचारले तर दुसरे दाखवत नाही. कागदावर अशी विसंगती आढळली, तर कारकून समासात शेरा मारीत असे: 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, शहानिशा केली', खाली सही आणि तारीख. अर्जाच्या चौकटीला समास नसतो. तीत भरलेले एक तर जुळते किंवा जुळत नाही. जुळले नाही तर लाल अक्षरे उमटतात, जुळवून घेतले तर आधीचे रूप कायमचे नाहीसे होते. आपले नाव एका मात्रेने बदलू दिले म्हणून शिष्यवृत्ती मिळाली, अशी मुले आमच्या वर्गात बसतात. त्यांच्या नावाचा खरा पाठ कोणता, हे आणखी वीस वर्षांनी कोण सांगणार?

हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण जुन्या कागदाचे मोल आमच्या भागात घराघरांत ठाऊक आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या मुलाला १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो सापडतो कोठे? पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर कोतवाल बुकात. गावच्या कोतवालाने जन्म-मृत्यूची जी नोंद आपल्या वहीत केली, ती आज त्याच गावातील मुलीच्या वैद्यकीय प्रवेशाचा आधार होते. लिहिणाऱ्याला आपण काही थोर लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू कागद वाचणारी माणसे शोधावी लागली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू खरी, हा या लेखाचा विषय नाही. शासनाला आपलेच दप्तर वाचता येत नव्हते, एवढे त्या प्रसंगाने सर्वांसमोर आणले. कागद होता, अक्षर शाबूत होते, वाचणारा उरला नव्हता.

मोडीचे हे जे झाले, तेच आणखी एकदा, अगदी आपल्या डोळ्यांदेखत, फार कमी वर्षांत झाले आहे. त्याकडे मराठीच्या प्राध्यापकांचेही लक्ष गेलेले नाही. नव्वदच्या दशकात आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मराठी मजकूर संगणकावर आला तो निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या फाँटांतून. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या त्या काळात टंकलिखित केलेले प्रबंध, स्मरणिका, नियतकालिकांचे अंक, परिपत्रके यांच्या फायली आज उघडल्या तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फ्लॉपीत अडकलेल्यांची तर गोष्टच नको. ज्या प्रबंधाची फाईल अशी मुकी झाली, त्याचीच काळ्या बांधणीतील प्रत ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात उभी असते आणि ती कोणीही उघडून वाचू शकतो. मोडी वाचणारे सरायला निदान दोन पिढ्या लागल्या. फाँट पंधरा वर्षांत सरले. तेव्हा 'स्कॅन करून ठेवले म्हणजे टिकले' असे जो म्हणतो, त्याला कोणत्या स्वरूपात ठेवले, सूची केली काय आणि मूळ कागदाचे काय केले, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अभिलेख संगणकात आणावेत असे सांगते. पण त्याच वाक्यात ते सूचिबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत असेही सांगते. आपण पहिला अर्धा भाग उत्साहाने पाळतो आणि दुसरा विसरतो. सूची नसलेले स्कॅन म्हणजे रुमालात न बांधलेली बाडे. फरक इतकाच, की त्यांना वाळवी लागलेली कोणाला दिसत नाही.

आमचा जिल्हा या बाबतीत दोन अर्थांनी भाग्यवान आहे. लीळाचरित्रातील चक्रधरांची भ्रमंती मेहकर-लोणारच्या परिसरातून झाली. आणि त्याच लीळाचरित्राची साक्षेपी आवृत्ती सिद्ध करणारे डॉ. वि. भि. कोलते हे मलकापूर तालुक्यातील नरवेलचे. ही आवृत्ती १९७८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ग्रंथ हरवला आणि स्मृतीतून परत आला म्हटले की आपल्याला तुकोबांची इंद्रायणी आठवते. लीळाचरित्राची हकीकत तितक्याच मोलाची आहे आणि अभ्यासकाला अधिक शिकवणारी आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांचा सहवास लाभलेल्यांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. पंथाच्या परंपरेनुसार पुढे धाडीत मूळ ग्रंथ गेला. मग ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा करण्यात आला, आणि त्यातून हिराइसेचा पाठ व इतरांचे पाठ असे भेद निर्माण झाले. महानुभावांनी ते भेद दडपले नाहीत. कोणाला कसे आठवते हे त्या त्या व्यक्तीच्या नावासह जपले. म्हणून सात शतकांनंतर कोलत्यांसारख्या संपादकाला पोथ्या समोर ठेवून पाठ ताडून पाहता आले. ज्यांच्या जगात छापखानाही नव्हता, त्यांनी 'ही नोंद कोणाची' हा प्रश्न एका क्षणासाठीही नजरेआड होऊ दिला नाही.

आता संगणकाचे जाणकार म्हणतील, की तुम्ही मागता ते तर आमच्याकडे आहेच, किंबहुना कागदाहून काटेकोर आहे. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद यंत्र क्षणाक्षणाला करते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिल्यावाचून आमचा मुद्दा पुरा होत नाही. होय, यंत्राच्या पोटात हरताळ असतो. पण पोथीतील हरताळ वाचकाच्या डोळ्यांसमोर होता; हा यंत्र चालवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. ज्याच्या नावाची नोंद आहे त्यालाच तो दिसत नसेल, तर असून नसल्यासारखा. ब्रिटनच्या टपाल खात्याचे उदाहरण येथे फार बोलके आहे. तेथे १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली आली. तिने दाखवलेली तूट खरी धरून २०१५ पर्यंत नऊशेंहून अधिक उपपोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. कित्येकांची घरे विकली गेली, काही तुरुंगात गेले. अखेर २०१९ साली उच्च न्यायालयाने मान्य केले, की प्रणालीत दोष होते आणि शाखेच्या हिशेबात दुरून, पोस्टमास्तरच्या नकळत, बदल करता येत होते. २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. खाडाखोड झाली होती, पण ती ज्याच्या वहीत झाली त्यालाच दिसत नव्हती. संगणक खोटे बोलत नाही, या श्रद्धेची किंमत अशी मोजावी लागते. आपल्याकडे 'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य खिडकीतून ऐकून जो माणूस मुकाट्याने परत फिरतो, तो याच श्रद्धेचा बळी असतो. कारकून नाही म्हणाला तर त्याच्या साहेबाकडे जाता येत होते. सिस्टीमचा साहेब कोण?

तेव्हा आमचे मागणे कागद परत आणा असे नाही. पहिले मागणे असे, की कोणत्याही सार्वजनिक नोंदीत बदल झाला तर आधीचे रूप, बदलाचे कारण आणि तारीख ही ज्याची नोंद आहे त्याला सहज दिसली पाहिजेत. सातबाऱ्यावर हे होऊ शकते, तर गुणपत्रिकेवर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर का होऊ नये? दुसरे, प्रत्येक पडद्याला त्याचा गाव नमुना सहा-अ हवा. हरकत नोंदवण्याची जागा, तिची पोच आणि कारणांसह उत्तर. तिसरे, कोतवाल बुके आणि दाखल-खारीज रजिस्टरे यांसारखे जे कायम जपायचे कागद आहेत, ते स्कॅन झाले म्हणून रद्दीत जाता कामा नयेत. कारण स्कॅनमध्ये काही संशय आला तर ताडून पाहायला मूळ प्रत लागते, हे पाठचिकित्सेचे पहिले कलम आहे. आणि चौथे, वर्षातून एकदा तरी चावडी. महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या नावांची, जन्मतारखांची, विषयांची यादी वर्गात मोठ्याने वाचावी. एका तासात जितक्या चुका सापडतील तितक्या वर्षभराच्या पत्रव्यवहारात सापडणार नाहीत.

या शेवटच्या दोन गोष्टींत मराठी विभागांना करण्यासारखे पुष्कळ आहे. एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा आपण ज्ञानेश्वरीच्या प्रतींपाशी सुरू करतो आणि तेथेच संपवतो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्याच विद्यार्थ्याला त्याच्या गावच्या शाळेचे १९३० च्या सुमाराचे रजिस्टर दाखवले, त्यातील खाडाखोड वाचायला लावले, पणजोबांच्या नावाची चार निरनिराळी रूपे समोर ठेवून यांतले ग्राह्य कोणते आणि का, असे विचारले, तर पाठभेद म्हणजे काय हे त्याला जन्मभर विसरता येणार नाही. मोडीचे वर्ग इतिहासवाल्यांचे म्हणून आपण सोडून दिले आहेत. ते आपलेही आहेत. बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांत जेथे जेथे मराठीचा पदव्युत्तर वर्ग आहे, तेथील दहा मुले दरवर्षी मोडी वाचायला शिकली, तर दहा वर्षांत या जिल्ह्याचे दप्तर वाचणारी माणसे याच जिल्ह्यात असतील. आणि युनिकोडपूर्व फाँटांत अडकलेल्या आपल्याच प्रबंधांची आणि अंकांची सुटका करणे, हे तर कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता पुढच्या सत्रात हाती घेता येईल असे काम आहे.

साहित्याच्या अभ्यासकांचा समाजाला उपयोग काय, असे आम्हाला अधूनमधून विचारले जाते आणि आम्ही संवेदना, संस्कार, मूल्ये अशी मोठी उत्तरे देतो. त्याहून लहान पण ठोस उत्तर आमच्यापाशी आहे. समोर आलेला कोणताही मजकूर हा कोणीतरी, केव्हातरी, कशावरून तरी लिहिलेला असतो, आणि तो तसाच होता काय हे विचारता येते, एवढे आम्हाला शिकवता येते. पडद्यावरचा मजकूर जितका नेटका, जितका डागविरहित, तितका हा प्रश्न विचारण्याची गरज अधिक. स्वच्छ पानावर विश्वास ठेवण्याआधी त्यावरचा हरताळ शोधावा, ही सवय ज्या वर्गातून बाहेर पडेल, त्या वर्गाला कागद असला काय आणि नसला काय, काही उणे पडणार नाही.